अजून बारा मॅच आहेत

पाडव्याची आदली रात्र, शनिवार, २९ मार्च २०२५. साडेअकरा वाजून गेले असतील. आंब्याचे डहाळे आणि झेंडू स्कूटरच्या हुकालाच लटकत राहिलेत हे आईला अचानक आठवलं, म्हणून मी खाली गेलो होतो. परत येताना लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे काका भेटले. माझ्या एका हातात फुलांची पिशवी, दुसऱ्या हातात डहाळे आणि चेहरा सुतकी. काकांनी काही विचारलं नाही. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चालायचंच रे. दुसरीच तर मॅच. अजून बारा आहेत."

मी म्हटलं, "हो ना."

काकांची मुंबई, म्हणजे क्रिकेटची मुंबई इंडियन्स, त्या रात्री अहमदाबादला गुजरातकडून ३६ धावांनी हरली होती. माझी मुंबई, म्हणजे फुटबॉलची मुंबई सिटी, बेंगळुरूला ५-० हरली होती. काकांच्या मुंबईचे अजून बारा सामने बाकी होते. माझ्या मुंबईचा एकही नव्हता. पण हे सगळं समजावून सांगायला लिफ्टचे पाच मजले पुरत नाहीत, आणि काकांचा हात खांद्यावर बरा वाटत होता. चुकीच्या पत्त्यावर आलेलं सांत्वन मी मुकाट्याने सही करून घेतलं.

ज्यांना फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचं (आयएसएलचं) गणित ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या हंगामात २४ सामन्यांनंतर पहिले दोन संघ थेट सेमीफायनलला जायचे, आणि तिसऱ्या ते सहाव्या नंबरच्या संघांत एकेका सामन्याचा प्लेऑफ व्हायचा. हरलात की घरी. बेंगळुरू तिसरं, आम्ही सहावे, पण गुणांत फरक फक्त दोनाचा. शिवाय ११ मार्चला, म्हणजे अठराच दिवस आधी, त्याच कांतीरवा मैदानावर आम्ही त्यांना २-० हरवलं होतं. सहावी जागा पक्की झाली तीच त्या विजयाने. खरी गोम इथे आहे. हरणारच अशी खूणगाठ बांधून बसलेला माणूस हरला की जेवून झोपतो. आम्ही बसलो होतो जिंकायला.

आम्ही म्हणजे मी आणि माझी तेरा वर्षांची लेक. बायको पहिल्या दहा मिनिटांत हवापाणी बघून स्वयंपाकघरात गेली. आई पंख्याखाली बसून गुढीच्या काठीला तेल लावत होती. तिचं लक्ष नाही असं आपल्याला वाटतं, पण तसं कधीच नसतं.

दोन्ही सामने साडेसातचे. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या सगळ्या खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे आयपीएल बघावं लागत नाही, ते आपोआप ऐकू येतं. नवव्या मिनिटाला सुरेश सिंग वांगजामने पहिला गोल केला आणि मी कपाळावर हात मारला, त्याच क्षणी समोरच्या विंगमधून चार-पाच घरांचा मिळून एक उसासा आला. तिकडे गुजरातच्या कुणीतरी चौकार मारला असणार. लेक चमकून खिडकीकडे बघायला लागली. "बाबा, सगळे आपलीच बघतायत?" तिच्या आवाजात इतकी आशा होती की "नाही गं" म्हणायला मला दोन सेकंद लागले.

"शनी अमावास्या आज," आई काठीवरून मान वर न करता म्हणाली. "त्यात शनी रास बदलतोय. आजच्या दिवशी कुणी मॅच ठेवतं का?"

"अमावास्या दुपारीच संपली, आई."

"दिवस तोच धरतात."

"पण मग अमावास्या त्यांनाही आहेच की."

"त्यांची रास वेगळी असेल."

हाफ टाइमच्या जरा आधी पेनल्टी गेली, २-०. आमचा सात जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, 'घाटकोपर चेंज' नावाचा. अंधेरीच्या मॅचला जाताना सगळ्यांना घाटकोपरला उतरून मेट्रो धरावी लागते, त्यावरून पडलेलं नाव. कळव्याच्या मित्राने तिथे लिहिलं, "११ तारखेला इथेच २-० जिंकलो. तेच उलटं झालंय. परत उलटवू." डोंबिवलीकराने उत्तरादाखल नुसता एक अंगठा टाकला. डोंबिवलीकर नुसता अंगठा टाकतो तेव्हा त्याने आतल्या आत सगळं सोडून दिलेलं असतं.

६२व्या मिनिटाला तिसरा. तिथे बंद करून टाकायला हवं होतं. बायकोने सुचवलंही. पण आमची एक पंचाईत आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये, गोव्यात, दोन सामन्यांच्या सेमीफायनलच्या पहिल्या लेगमध्ये आम्ही नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ मागे होतो. माझ्या एका मित्राने त्या रात्री वैतागून टीव्ही बंद केला आणि तो आंघोळीला गेला. शिट्टी वाजली तेव्हा ३-२ होते, आमच्या बाजूने. छांगतेचे दोन, विक्रम प्रताप सिंगचा एक. मित्र डोकं पुसत बाहेर आला तेव्हा फोनवर अठ्ठेचाळीस मेसेज होते. तेव्हापासून आम्ही कुणीच शेवटपर्यंत काही बंद करत नाही. त्या एका रात्रीने आम्हाला किती वाईट संध्याकाळी पूर्ण बघायला लावल्या आहेत, त्याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

७६व्या मिनिटाला सुनील छेत्री. वय वर्षं ४०. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त होऊन, परत येऊन, दहा दिवसांपूर्वीच भारतासाठी मालदीवविरुद्ध गोल करून आलेला. लेकीने विचारलं, "हा आपल्याकडे होता ना?"

होता. २०१५ मध्ये, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, नॉर्थईस्टविरुद्ध त्याने मुंबईच्या जर्सीत हॅटट्रिक केली. आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय. तेव्हा लेक साडेतीन वर्षांची होती आणि तिला सॉकर म्हणजे सासर वाटायचं. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर पकडून मी नेरुळला जायचो. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करत जाणाऱ्या त्या गाडीत संध्याकाळी कंपन्यांतून सुटलेली माणसं असायची आणि त्यांच्यात निळ्या जर्सीतला मी एकटा. एकदा एका गृहस्थांनी विचारलं होतं, "कुठल्या कंपनीचा युनिफॉर्म आहे हा?"

८३व्या मिनिटाला पाचवा, होर्हे परेरा दियाझचा. दहा-अकरा महिन्यांपूर्वी याच दियाझने कोलकात्याच्या फायनलमध्ये आमचा बरोबरीचा गोल केला होता आणि आम्ही ३-१ ने कप आणला होता. आता तो समोरच्या बाजूला. लेक काही बोलली नाही. उठून आजीशेजारी जाऊन बसली आणि साखरेच्या गाठीतलं एक पदक तोडून खायला लागली. गुढीची गाठी आदल्या रात्री तोडली म्हणून एरवी आईने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या रात्री तिने गाठीचा दोरा फक्त सावरून घेतला.

मुंबई सिटीच्या माणसाला पराभव नवा नाही. पहिल्या हंगामातला घरचा सामना मला लख्ख आठवतो. १८ ऑक्टोबर २०१४, नेरुळ, पुण्याविरुद्ध ५-०. आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, लीगच्या इतिहासातली पहिली. निम्मे लोक फुटबॉलपेक्षा सहमालक रणबीर कपूर दिसतो का ते बघायला आले होते असा माझा अंदाज आहे, पण त्या दिवशी सगळेच फुटबॉलचे होऊन घरी गेले. मला वाटलं, हे तर सोपं प्रकरण आहे. त्या वर्षी आठ संघांत आम्ही सातवे आलो.

२०१६ मध्ये लीगमध्ये पहिले. सेमीफायनल कोलकात्याशी. तिथे ३-२ हरलो, आमच्या फोर्लानला लाल कार्ड मिळालं. मग १३ डिसेंबरला अंधेरीत परतीचा सामना. नोटाबंदीला महिना झाला होता, खिशात दोन हजाराची एकच गुलाबी नोट आणि स्टेडियमबाहेरचा वडापाववाला ती हातात घ्यायला तयार नाही. आम्ही चौघे मित्र मिळून ती नोट मोडू शकलो नाही. समोर आमचे अकरा खेळाडू मिळून एक गोल करू शकले नाहीत, तेही कोलकात्याचे दहाच उरलेले असताना. ०-०. उपाशी आणि बाहेर. घाटकोपरच्या पुलावर, मेट्रोतून लोकलकडे जाताना, आमच्यातला एक जण म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून मी नाही येणार." तो आजही येतो. दर पराभवानंतर ग्रुप सोडतो आणि मंगळवारपर्यंत कुणीतरी त्याला परत घेतं. कुणी घ्यायचं याची आता पाळीच लागली आहे.

२०१९ ला सेमीफायनलच्या पहिल्या लेगमध्ये गोव्याने आम्हाला अंधेरीतच ५-१ धुतलं. दोन गोल मुर्तदा फॉलचे. त्यांचा कोच सर्जिओ लोबेरा. पुढल्याच वर्षी लोबेरा आणि फॉल दोघेही आमच्याकडे आले आणि त्यांनी आम्हाला शिल्ड (लीगमधल्या पहिल्या नंबरची) आणि कप (फायनलचा) दोन्ही मिळवून दिले. ज्यांना शिव्या देऊन घसा बसला होता त्यांच्या नावाने आम्ही वर्षभरात ओरडत होतो. खेळाडू येतात-जातात, त्यांचा तो धंदाच आहे, त्यात राग धरण्यासारखं काही नाही, असं मी लेकीला समजावतो. दियाझच्या गोलनंतर मात्र नाही समजावता आलं.

पण सगळ्यात जिव्हारी लागलेला पराभव २०२३ चा. शिल्ड जिंकलेली, सलग १८ सामने न हरता. सेमीला पुन्हा बेंगळुरू. घरी ०-१, छेत्रीचाच हेडर. परतीचा सामना १२ मार्चला, रविवारी, आणि नेमका त्याच संध्याकाळी बायकोच्या मामेभावाच्या लग्नाचा स्वागत समारंभ, घंटाळीच्या बाजूला एका हॉलमध्ये. मी फोन आहेराच्या पाकिटामागे धरून उभा. आमच्या ग्रेग स्टुअर्टची पेनल्टी सुरुवातीलाच त्यांचा गोलकीपर गुरप्रीतने अडवली तेव्हा मी सूपच्या रांगेत होतो. मेहताब सिंगने हेडरने गोल करून एकूण हिशेब २-२ केला तेव्हा जिलेबीच्या. एक्स्ट्रा टाइम पाहुण्यांच्या निरोपात गेला.

मग टायब्रेकर. आणि माइकवरून पुकारा, 'घरच्यांचा फोटो, घरच्यांनी स्टेजवर या.'

एकामागून एक किक आत जात होत्या. आमची, त्यांची, आमची, त्यांची. पाच-पाच झाल्या, सात-सात झाल्या, आठ-आठ झाल्या. फोटोग्राफर आम्हाला उंचीप्रमाणे उभं करत होता. आमची नववी किक घ्यायला मेहताब आला, तोच मेहताब ज्याच्या गोलमुळे आम्ही इथपर्यंत आलो होतो, आणि गुरप्रीतने ती अडवली. पुढची त्यांच्या झिंगनने मारली. ९-८. अठरा किकांत हुकली ती एवढीच. त्याच क्षणी फ्लॅश पडला. त्या अल्बममध्ये आज सोळा माणसं हसतायत, आणि डावीकडून चौथा, मोतीया झब्ब्यातला माणूस मयताला आल्यासारखा उभा आहे. नवरीकडच्यांनी म्हणे नंतर विचारलं होतं, "ते जावई नाराज आहेत का आमच्यावर?"

हे मी इतकं सांगत बसलो त्याला कारण आहे. हरण्याचं मला तितकंसं काही वाटत नाही. क्रिकेटमध्ये मीही सगळ्यांसारखाच हरत आलोय. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल हरलो, आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळच्या फास्टमध्ये आमच्या डब्यातल्या भजनी मंडळाने झांजा पिशवीतून काढल्याच नाहीत. चौथ्या सीटसाठी कुणी भांडलं नाही. मुलुंडला चढणाऱ्या एकाने नुसतं "हेडने घेतली आपली" म्हटलं आणि बाराजणांनी माना हलवल्या. ते दुःख सार्वजनिक होतं. चहावाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांचं एकच, त्यामुळे तुमच्या वाट्याला चिमूटभर आलं. त्याउलट मुंबई सिटी हरते तेव्हा डब्यात कुणाला पत्ताही नसतो. तुमच्या पोटात खड्डा पडलेला, आणि शेजारचा माणूस तुम्हाला विचारतो, "भांडुपला कुठल्या बाजूला येतं?"

जिंकलो तेव्हाही काही वेगळं नव्हतं म्हणा. २०२१ चा कप आम्ही जिंकलो तो करोनात, गोव्यातल्या रिकाम्या स्टेडियमवर. बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला विजयी गोल केला आणि मी असा ओरडलो की पाचव्या मजल्यावरचे हेच काका मास्क लावून दारात हजर झाले. "सगळं ठीक ना? अॅम्ब्युलन्स बोलवू?" मी म्हटलं, "काका, चॅम्पियन झालो." काकांनी दोन पावलं मागे घेतली. त्यांना वाटलं ताप डोक्यात गेला.

आणि ठाण्यात फुटबॉलची माणसं नाहीत असंही नाही. घोडबंदरच्या टर्फवर रात्री अकराला जाऊन बघा, आर्सेनलचे आहेत, लिव्हरपूलचे आहेत, रेआल माद्रिदचे तर पोत्याने आहेत. मँचेस्टर सिटीची पहाटेची मॅच बघून डोळे लाल करणारी मुलं मला माहीत आहेत. परवापरवापर्यंत त्याच घराण्यात असलेला एक क्लब दोन गाड्या बदलल्या की तासाभरावर खेळतो, म्हटलं की विचारतात, "कोण, ते नेमारवाले?" कारण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नेमारचा अल-हिलाल नेरुळला मुंबईशी खेळायला आला होता. नेमार सोडून. त्याचा गुडघा तीन आठवडे आधीच गेला होता. आम्ही ०-२ हरलो, पण स्टेडियम भरलं होतं, आणि लेकीला मी त्याच दिवशी ती जर्सी घेतली, दोन मापं मोठी, म्हणजे वाढत्या अंगाला पुरेल.

तर, पाडवा. सकाळी साडेसहाला गुढी उभारली. ग्रुपवर पहिला मेसेज डोंबिवलीकराचा, त्याच्या गॅलरीतल्या गुढीचा फोटो. पालथ्या तांब्याभोवती लाल गोल काढलेला आणि खाली ओळ: "आपला कप." रात्रभर कुणी काही बोललं नव्हतं, त्या एका फोटोने बांध फुटला. मग जे काही सुरू झालं ते पुरणाचा कुकर होईपर्यंत थांबलं नाही. बॅकलाइन होती का चाळण. कोच बदला. कोच नको, डॉक्टर बदला. २०२३ ला ती जिलेबी तू खाल्लीस तिथून साडेसाती लागली (हे मला). कडुनिंबाचा विनोद तर सात जणांच्या ग्रुपमध्ये सात वेळा झाला. नेहमीचा माणूस ग्रुप सोडून गेला. पाळी माझी होती, पण सणाचा दिवस म्हणून मी मंगळवारची वाट बघितली नाही, लगेच परत घेतला. तो म्हणाला, "अरे, जरा तरी वेळ द्यायचा माणसाला."

लेक लेझीम पथकात होती. कोपिनेश्वरापासून निघालेल्या स्वागतयात्रेत राम मारुती रोडवर मी तिला शोधत उभा. ढोल, नऊवारीतल्या बुलेटवाल्या, चित्ररथ, आणि मध्येच तिचं पथक. सगळ्या मुली हसत होत्या, ही तेवढी दात-ओठ खाऊन लेझीम हाणत होती. जवळून गेली तेव्हा दिसलं, पांढऱ्या झब्ब्याच्या गळ्यातून आतल्या निळ्या जर्सीची कड डोकावत होती. उन्हाने नुसतं निथळत होती पोर. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती म्हणाली, "बाबा, तिथे कोणी आपलं दिसलं?" मी तलावपाळीपर्यंत माना उंचावून बघत गेलो. एकही निळी जर्सी नाही.

सोमवारी ईद, ऑफिसला सुट्टी. त्या संध्याकाळी काकांच्या मुंबईने वानखेडेवर कोलकात्याला आठ विकेटनी हरवलं आणि मंगळवारी सकाळी लिफ्टमध्ये काका विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ! म्हटलं नव्हतं? उगाच तोंड पाडून बसला होतास." मी म्हटलं, "हो ना."

हे सगळं आता, जानेवारी २०२६ मध्ये, संक्रांतीचे तिळगूळ डब्यात तळाला गेले असताना लिहितोय, कारण मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट झाली. जुलैत कळलं की पुढचा हंगामच थांबवलाय. फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. सप्टेंबर आला, गणपती गेले, दसरा झाला, आणि ज्या महिन्यांत दर शुक्रवारी 'घाटकोपरला किती वाजता' असा मेसेज पडायचा तिथे शुभेच्छांच्या चित्रांखेरीज काही पडेना. डिसेंबरात २०१९ पासून क्लबमध्ये असलेला, मँचेस्टर सिटीचा मालक सिटी फुटबॉल ग्रुपही बाहेर पडला. हरल्यावर चिडायला निदान समोर कुणीतरी असतं. इथे नुसतीच तारीख नाही. नोव्हेंबरात एका रात्री ग्रुप सोडणारा लिहिता झाला, "आत्ता कुणी पाच-शून्य देत असेल तर मी घेतो." कुणी हसलं नाही. सहा अंगठे पडले. मीही टाकला.

या महिन्याच्या सुरुवातीला क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं, १४ फेब्रुवारीपासून लीग, चौदाही क्लब खेळणार, सामने नेहमीपेक्षा कमी. त्या संध्याकाळी लेकीने कपाटातून जर्सी काढून घालून बघितली. खांद्यात बसेना, लांबी कमरेच्याही वर. दोन मापं मोठी घेतलेली, बघता बघता आखूड झाली. मी ग्रुपवर विचारलं, "नवी आत्ता घ्यायची, का सुरू होईपर्यंत थांबायचं?"

डोंबिवलीकर म्हणाला, आत्ताच घे. कळव्याचा म्हणाला, दोन मापं मोठी घे. ग्रुप सोडणाऱ्याने विचारलं, घाटकोपरला किती वाजता.